गाडी उभ्या उभ्या थरथरते? जुन्या पेट्रोल-सीएनजी पिकअपमधला व्हॅक्यूम लीक शोधायची पद्धत

पळताना गाडी ठीक असते पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते, रेस आपोआप वर-खाली होते, कधी क्लच दाबून थांबवली की बंदच पडते. मग काय होतं, तर आधी प्लग बदलले जातात, मग थ्रॉटल बॉडी साफ, मग कॉईल, मग कोणीतरी ऑक्सिजन सेन्सर सांगतो, आणि एवढे पैसे घालूनही फरक पडला नाही की शेवटी स्लोचा (आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाच्या रेसचा) स्क्रू फिरवून रेस वाढवून गाडी हातात देतात. वागळे इस्टेट, तुर्भे, कळवा, कुठल्याही गॅरेज लाईनला जा, हाच क्रम चालू असतो. आणि दोष बऱ्याचदा एका फुटलेल्या रबरी पाईपाचा निघतो.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. पार्ट बदलायच्या आधी तीन गोष्टी ह्याच क्रमाने ठरवायच्या: इंजिन खरंच फालतू हवा घेतंय का (हाच व्हॅक्यूम लीक), कुठल्या पाईपातून किंवा जोडातून घेतंय, आणि नेमकी जागा कुठली. क्रम मोडला की अंदाजपंचे खर्च सुरू.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. ओम्नी, सुपर कॅरी, जिप्सी, छोटी सीएनजी पिकअप वगैरे. डिझेल बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ असेल तर तिथे व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार होतो, बहुतेकदा अल्टरनेटरलाच जोडलेला, तो लीक झाला तर ब्रेक कडक होतो पण त्याने इंजिन मिसिंग मारत नाही. डिझेल थरथरत असेल तर डिझेल लाईनमध्ये एअर, इंजेक्टर, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) हे बघा, ह्या लेखाच्या मागे लागू नका.

एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं ह्यावरच चालतं: पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या भागात) जोरदार ओढ, म्हणजेच व्हॅक्यूम, तयार होते. अशा वेळी छोटंसं भोकही भरपूर हवा आत घेतं. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, खरी हवाच इतकी येते की भोकाचा हिस्सा नगण्य होतो. म्हणून पळताना ठीक आणि उभी राहिली की त्रास.

## १. तयारी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. व्हॅक्यूम गेज आणि एक टी-जोड, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे आणि कोड वाचणारा), टॉर्च, हातभर रबरी नळी (कानाला लावून ऐकायला), पाण्याची स्प्रे बाटली, नळी दाबायला चिमटा किंवा तोंडाला कापड गुंडाळलेली पकड, मार्कर पेन. आणि फायर एक्स्टिंग्विशर. हा शेवटचा पर्यायी नाही, हाताशी लागतोच.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका, इंजिन अर्धा-पाऊण तास चालू राहणार आहे आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. मोकळ्यावर करा.

इशारा, सीएनजीवाल्यांनी नीट वाचा: आपल्या बऱ्याच छोट्या पिकअपचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, म्हणजे सीट उचलून काम करताना तुमचं तोंड, गरम सायलेन्सर आणि गॅसची लाईन सगळं एका केबिनमध्ये. आधी टाकीचा मॅन्युअल व्हॉल्व बंद करा, लाईनमधला गॅस इंजिन चालवून संपवा, मग गाडी पेट्रोलवर घ्या. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो, त्या जाड स्टीलच्या पाईपाला आणि तिच्या नटांना हात लावायचा नाही, ते काम मान्यताप्राप्त सीएनजी फिटरचं. काम करताना कुठेही गॅसचा वास आला तर तिथेच थांबा, इंजिन बंद, दरवाजे उघडे, आणि बाकी सगळं नंतर.

टाकीत पेट्रोल किती आहे तेही बघा. दिवसभर सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांत दोन-तीन लिटर जुनं पेट्रोल महिनोन्महिने पडून असतं, आणि मग पेट्रोलवर गाडी थरथरली की लोकांना वाटतं लीक आहे. ताजं पेट्रोल भरल्याशिवाय टेस्ट सुरूच करू नका.

## २. लक्षण लिहून काढा

ह्याला दहा मिनिटं लागतात आणि हीच पायरी सगळे गाळतात. वहीत लिहा: थरथर थंड इंजिनला की गरम झाल्यावर, पेट्रोलवर की सीएनजीवर की दोन्हीवर, ब्रेक दाबला की बदलते का, हेडलाईट लावली की वाढते का.

- पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर सारखीच थरथर: हवा, स्पार्क किंवा कॉम्प्रेशन. लीकचा संशय इथे धरायचा.
- फक्त सीएनजीवर: व्हॅक्यूम लीकची शक्यता कमी. प्लग, कॉईल, गॅस फिल्टर, रेग्युलेटर बघा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो.
- फक्त पेट्रोलवर: इंजेक्टर चोकअप, जुनं पेट्रोल, पंप.
- ब्रेक दाबताच रेस बदलते किंवा गाडी बंद पडायला येते: ब्रेक बूस्टर (इंजिनच्या ओढीने ब्रेक हलका करणारा डबा) किंवा त्याचा पाईप. सरळ पायरी ६ ला गेलात तरी चालेल.
- थंड इंजिनला त्रास आणि गरम झाल्यावर गायब: मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा इंजेक्टरच्या ओरिंगा (रबरी रिंगा). धातू तापून फुगला की फट बुजते. अशी गाडी गरम करून गॅरेजला नेली तर तिथे काहीच सापडणार नाही, रात्री ठेवून या आणि सकाळी थंड इंजिनवर बघायला सांगा.

## ३. इंजिन बंद ठेवून डोळ्यांनी आणि बोटांनी

आता सीट किंवा बॉनेट उघडा आणि थ्रॉटल बॉडीच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, मॅनिफोल्डला जेवढ्या नळ्या जोडलेल्या आहेत तेवढ्या एकेक करून हातात घ्या. ब्रेक बूस्टरचा जाड पाईप, पीसीव्ही व्हॉल्वचा (इंजिनच्या खालच्या भागातल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये ओढणारा) पाईप, पेट्रोलच्या वाफांच्या पर्ज व्हॉल्वची बारीक नळी, मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी असेल तर ती, आणि सीएनजी किट असेल तर गॅस इंजेक्टरकडून मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळकांड्यात शिरणाऱ्या नळ्या आणि रेग्युलेटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी.

नुसतं बघून भागत नाही, वाकवून बघा. रबर वरून धड दिसतं आणि चीर खालच्या बाजूला, अगदी निपलजवळ असते. पीसीव्हीचा पाईप आतून तेल पिऊन मऊ झालेला असतो, दाबला की चिकटतो, तो इंजिनच्या ओढीने आत चपटा होतो आणि थंड झाला की परत सरळ, म्हणून दिसत नाही. जो पाईप दगडासारखा कडक किंवा लोण्यासारखा मऊ झालाय त्याला मार्कर लावून ठेवा.

वाशीच्या एपीएमसीत, गोडाऊनजवळ किंवा धान्याच्या गाळ्यांपाशी रात्री गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या खुणा आवर्जून शोधा. दाताच्या खुणा, लेंड्या, ओढून आणलेल्या सुतळ्या. उंदीर वायरिंगही सोडत नाही, त्यामुळे एक नळी कुरतडलेली सापडली म्हणून तिथेच थांबू नका, इंजेक्टरच्या आणि कॉईलच्या वायरीही बघून घ्या.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मॅनिफोल्डला ड्रिल मारून पितळी निपल बसवलेले असतात. प्रत्येक निपल दोन बोटांनी हळूच हलवून बघा. हलला तर तो गुन्हेगार असायची शक्यता मोठी आहे, आणि ही चूक दुहेरी घातक: पेट्रोलवर तिथून हवा आत जाते आणि त्याची नळी फाटलेली असेल तर सीएनजीवर तिथूनच गॅस बाहेर येतो.

तपासणी: एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडी हा मोठा पाईप फाटला असेल तर काय? गाडीला एअर-फ्लो सेन्सर असेल तर ती फट त्रास देते. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मारुती इंजिनांत मॅप सेन्सर असतो, त्यात थ्रॉटलच्या आधीच्या फटीने आयडल बिघडत नाही, धूळ मात्र आत जाते. बदला जरूर, पण थरथर थांबेल ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

ऑईल भरायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलीय ना तेही ह्याच वेळी बघा. पीसीव्हीमुळे क्रँककेस मॅनिफोल्डला जोडलेला असतो, तिथली फटही लीकच.

## ४. गेज लावा, मगच लीक म्हणा

गाडी पूर्ण गरम करा, रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत. मॅनिफोल्डवरच्या एखाद्या नळीत टी-जोड घालून गेज लावा. नळी थ्रॉटलच्या पुढचीच हवी, मागची पकडली तर आयडलला काटा शून्यावरच दिसेल आणि उगाच घाबराल.

ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे आपल्याला आकडे सरळ वापरता येतात. धडधाकट इंजिनला आयडलला १७ ते २२ इंच मर्क्युरी, आणि काटा स्थिर. वर चढलं की दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, त्यामुळे लोणावळ्याला घेतलेलं रीडिंग इथल्या रीडिंगशी जुळवत बसू नका.

काटा काय सांगतो:

- स्थिर पण खाली, समजा १२ ते १५: लीक असू शकतो, किंवा टायमिंग मागे आहे. ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) असलेल्या गाडीत तो व्हॉल्व उघडा अडकला तरी हेच दिसतं.
- ठराविक ठेक्याने एकदम खाली येऊन परत वर: एखादा व्हॉल्व नीट बसत नाहीये. सीएनजीवर खूप पळलेल्या गाड्यांत व्हॉल्वची सीट झिजून टॅपेट टाईट होतात, तेव्हा असं दिसतं. हा लीक नाही, टॅपेट आणि कॉम्प्रेशन चेक करा.
- आयडलला ठीक पण २५०० आरपीएमला धरून ठेवलं की हळूहळू पडत जातो: सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक.

गेज नसेल तर स्कॅनरवर मॅपचा आकडा बघा. चावी ऑन, इंजिन बंद: आपल्याकडे १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, नसेल तर सेन्सरवरच संशय घ्या. गरम आयडलला साधारण ३० ते ४०. आयडलला ५० दिसतोय आणि गाडी थरथरतेय तर पुढे चला.

## ५. स्कॅनरचा आकडा कसा वाचायचा

ही टेस्ट पेट्रोलवर करा. वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या सीएनजी किटवर पेट्रोलच्या ट्रिमचे आकडे फसवतात.

शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) ह्या दोन्हींची बेरीज घ्या, एकट्या एकाकडे बघून निष्कर्ष काढू नका. बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल, अधिक किंवा उणे, तर चालतंय. आयडलला अधिक २० वगैरे आणि २५०० आरपीएमला धरलं की नॉर्मलजवळ आली, तर ती लीकची खूण. आयडलला जास्त आणि रेसवरही तेवढीच किंवा वाढत जाणारी, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, इंजेक्टर.

पण इथे एक खाच आहे आणि भले भले मेकॅनिक त्यात अडकतात. मॅप सेन्सरवाल्या गाडीत जास्तीची हवा आत आली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, सेन्सरला तो कळतो आणि ईसीयू त्या हवेसाठी पेट्रोलही सोडतो, म्हणजे मिश्रण फारसं बिघडतच नाही, ट्रिम साधारण दिसते आणि लीक नाही असं सांगून गाडी परत येते. अशा गाडीत लीकचं लक्षण म्हणजे चढलेली रेस. ईसीयू आयडलची हवा कमी करत करत तळाला जातो तरी आरपीएम उतरत नाही किंवा वर-खाली झुलतो, आणि पी०५०७ सारखा कोड (आयडल ठरल्यापेक्षा जास्त) येतो. एअर-फ्लो सेन्सरवाल्या गाडीत पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) येतो.

आणि मॅपवाली गाडी एका सिलिंडरवर मिसिंग मारत असेल, पी०३०१ ते पी०३०४ पैकी एकच कोड, तर लीक त्या एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असू शकतो: तिथलं पॅकिंग, तिथल्या इंजेक्टरची ओरिंग, तिथलं सीएनजीचं निपल. सगळ्यांना सारखी वाटली जाणारी हवा रेस चढवते, एकाला मिळणारी हवा थरथरवते. हा फरक कळला की अर्धी शोधाशोध वाचते.

## ६. एकेक फांदी बंद करून बघा

इंजिन आयडलला. सगळ्यात जाड पाईपापासून सुरुवात. बूस्टरचा पाईप चिमट्याने दाबा, दहा सेकंद थांबा, आरपीएम आणि गेज बघा, सोडा. मग पीसीव्ही, मग पर्ज, मग सीएनजी रेग्युलेटरची नळी. दाबल्यावर काटा वर गेला आणि इंजिन शांत झालं की लीक त्या फांदीत. कडक झालेला जुना पाईप दाबू नका, तो तिथेच मोडेल. तो काढून निपलवर रबरी टोपण घाला.

पीसीव्ही दाबल्यावर आरपीएम थोडा पडणं नॉर्मल आहे, कारण तो मोजून हवा सोडतच असतो. पर्ज व्हॉल्व मात्र आयडलला जवळपास बंद असायला हवा, त्याची टाकीकडची नळी काढून बोट लावलं आणि जोरदार ओढ लागली तर व्हॉल्व उघडा अडकलाय.

बूस्टरची खात्री: इंजिन बंद, ब्रेक चार-पाच वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. पाय ब्रेकवर ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही किंवा पायापाशी फुस्स आवाज येत राहिला तर बूस्टर किंवा त्याचा वन-वे व्हॉल्व गेला. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत माल भरून मुंब्रा बायपासला किंवा घोडबंदरच्या घाटात काढू नका, इथे प्रश्न थरथरीचा राहत नाही, ब्रेकचा होतो.

## ७. जोड आणि पॅकिंग: आधी पाणी

सगळ्या फांद्या ठीक निघाल्या तर उरतात जोड. लोक इथे थेट कार्ब क्लीनर मारतात. सीटखाली इंजिन आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असताना ज्वालाग्राही स्प्रे हा पहिला उपाय नाही, माझं ह्यावर ठाम मत आहे. आधी नळी कानाला लावून जोडाजोडाने फिरवा, पंख्यात नळी जाणार नाही एवढं बघा. फुस्स जिथे वाढते तिथे पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी क्षणभर फट बुजवतं, आवाज बदलतो, आरपीएम हलतो. प्लग, कॉईल, अल्टरनेटर आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी नको.

क्रम असा: मॅनिफोल्ड पॅकिंगची दोन्ही टोकं, मग मधला भाग, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोकं, इंजेक्टरच्या ओरिंगा, सीएनजीची निपलं. कार्ब्युरेटरवाली जुनी ओम्नी किंवा जिप्सी असेल तर कार्ब्युरेटरखालचं जाड पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी, ह्या दोन जागा आधी.

स्प्रे मारताना फवारा एअर फिल्टरच्या तोंडाकडे उडाला तरी आरपीएम हलतो आणि भलत्याच जोडावर संशय येतो. म्हणून एकाच जागी तीनदा मारून तीनदा तोच परिणाम आला तरच ती जागा मार्क करा.

तरीही सापडत नसेल तर स्मोक मशीन असलेल्या गॅरेजला जा. फक्त विचारून घ्या की धूर कमी दाबाने सोडतात ना, १ पीएसआयच्या आसपास. टायरच्या कॉम्प्रेसरने मॅनिफोल्डमध्ये हवा मारू देऊ नका, ऑईल सील उडतात आणि नवीन दुखणं सुरू होतं.

## ८. लीक नाहीच निघाला तर

एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं म्हणजे तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही म्हणजे तोच बिघडलाय. कॉईलपेक्षा इंजेक्टर काढलेला बरा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिककडे जात नाही. मग त्या सिलिंडरचा प्लग, कॉईल, कॉम्प्रेशन. आणि चारही सिलिंडर सारखे, गेज स्थिर १९, तरी केबिन थरथरते? इंजिनच्या फाउंडेशनचं रबर बसलंय. पॅकिंग उघडू नका.

## ९. दुरुस्ती करताना

बूस्टरला व्हॅक्यूमसाठीचाच जाड अस्तराचा पाईप घाला, पाण्याचा किंवा साधा पेट्रोलचा पाईप ओढीने चपटा होतो. एम-सील, फेविक्विक, सिलिकॉनचे थर हे मॅनिफोल्डवर नको, गरम-थंड होऊन सुटतं आणि तुकडा आत गेला तर व्हॉल्वखाली अडकतो. पॅकिंग बदलताना जुनं पूर्ण खरवडून काढा, सरळ पट्टी लावून मॅनिफोल्ड वाकडा नाही ना बघा, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एका कोपऱ्यातून सुरू करून एकदम टाईट केलं की दुसरं टोक उचललेलं राहतं, नवीन पॅकिंग असूनही लीक तसाच. ओरिंगा जुन्या परत घालू नका, नवीन घालताना इंजिन ऑईलचं बोट फिरवा.

सैल निपल आणि गॅसच्या फाटलेल्या नळ्या सीएनजी फिटरकडूनच करून घ्या, आणि नंतर साबणाच्या पाण्याने लीक टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा.

## १०. स्लो, रिलर्न आणि शेवटची खात्री

आधी कोणी स्क्रू फिरवला असेल तर तो मूळ जागी आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत थ्रॉटलच्या स्टॉपचा स्क्रू कंपनीत सेट केलेला असतो, तो रेस वाढवायला नसतोच. लीक बंद झाल्यावर स्क्रू तसाच ठेवला तर आता रेस चढलेली राहील आणि वाटेल की काम फसलं.

कोड क्लिअर करा, मग लाईट-पंखे सगळं बंद ठेवून गाडी थंडपासून गरम होईपर्यंत आयडलला चालू द्या, रेस न देता, म्हणजे ईसीयू आयडल नव्याने शिकेल (हेच रिलर्न). गरम झाली की हेडलाईट लावा, स्टिअरिंग पॉवरचं असेल तर फिरवा, आरपीएम क्षणभर हलून सावरला पाहिजे. गेज परत लावून आधीच्या रीडिंगशेजारी नवीन रीडिंग वहीत लिहा. मग पेट्रोलवर एक मोठी फेरी, ठाणे-बेलापूर रोडने जाऊन आलात तरी पुरे, त्यात सिग्नलही मिळतात आणि मोकळा रस्ताही. आल्यावर ट्रिमची बेरीज आयडलला आणि २५०० ला, दोन्ही बघा.

मग टाकीचा व्हॉल्व उघडून गाडी सीएनजीवर घ्या, सगळ्या जोडांपाशी वास घ्या, आयडल ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्टला एकदा परत बघितल्याशिवाय प्लगचे किंवा सेन्सरचे कुठलेही नवीन पार्ट आणू नका.